नवे पाळक गप्प झाले आहेत, आम्ही काय करावं?

इंदूरमधल्या एका छोट्या लूथरन मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीच्या सेक्रेटरी असलेल्या ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या मंडळीत ६५ कुटुंबं आहेत. बरीचशी बैतूल, छिंदवाडा, पांढुर्णा भागातून नोकरीसाठी आलेली आणि निम्म्या घरांत मराठी बोलणारी. उपासना हिंदीत होते, महिन्याच्या शेवटच्या रविवारी मराठीत. जुलैमध्ये बैतूलकडचे, हिंदी बोलणारे २८ वर्षांचे पाळक (पास्टर) पाळकपदाच्या दीक्षेनंतर थेट इथे आले. ही त्यांची पहिलीच नेमणूक. दोन महिने बरे गेले. मग कुरबुरी सुरू झाल्या: उपदेश कागदावरून वाचतात, मराठी उपासनेत अडखळतात, पाळकबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत नोकरी करतात आणि महिला मंडळाला येत नाहीत. आधीचे पाळक निवृत्त होऊन शहरातच राहतात आणि लग्न-मयताला लोक अजून त्यांनाच फोन करतात. नवे पाळक आता मीटिंगमध्ये बोलत नाहीत, विचारलं की "सब ठीक है" म्हणतात. ताई विचारतात: "आम्ही सगळेच त्यांना प्रेमाने समजावून सांगतो, तरी फरक नाही. जुन्या पाळकसाहेबांना त्यांचे मार्गदर्शक करावं, बिशपसाहेबांना लिहून अनुभवी माणूस मागावा, की वर्षभर काही न बोलता सोडून द्यावं?"

प्रिय ताई,

"आम्ही सगळेच समजावून सांगतो" या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. कमिटीतली माणसं, संडे स्कूलच्या शिक्षिका, दोन-चार ज्येष्ठ असे सगळे धरले तर पंधरा-वीस जण एका माणसाला समजावत आहेत. तेही बहुधा रविवारी उपासना सुटल्यावर, दारात हात मिळवताना, जेव्हा तो माणूस पार थकलेला असतो. एक म्हणतो उपदेश लांबला, दुसरा म्हणतो आटोपता घेतला. एकाला नवी गाणी हवीत, दुसऱ्याला जुनी चाल मोडलेली खपत नाही. यातलं कोणाचं ऐकलं तर कोण दुखावेल, हे पाच महिन्यांत त्यांना कळून चुकलं असेल. अशा वेळी "सब ठीक है" हेच सर्वांत सुरक्षित उत्तर उरतं. त्यांच्या गप्प बसण्याला तुम्ही अनुभवाची कमतरता म्हणता. मला वाटतं, ते जाणूनबुजून गप्प आहेत.

तुमच्या मंडळीत प्रेमाची कमी नाही, हे पत्रावरूनच कळतं. कमी आहे ती व्यवस्थेची. पगार कोणत्या तारखेला, सुट्टी कोणत्या दिवशी, मयताची खबर आधी कोणाला द्यायची, उपदेशाबद्दल बोलायचं ते कोणी, हे ठरलेलं नसलं की चांगली माणसंही नकळत रोज टोचत राहतात.

लूथरन परंपरेत याचा फार जुना दाखला आहे. १५२८च्या सुमारास सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा कित्येक पाळकांना शिकवायचं काय हेच नीट येत नसल्याचं धर्मसुधारक मार्टिन लूथरला दिसलं. त्याने ताशेरे ओढले ते प्रामुख्याने बिशपांवर, कारण या पाळकांना वाऱ्यावर सोडलं होतं त्यांनी. पाळकांच्या हातात मात्र त्याने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची शिकवण देणारं छोटं पुस्तक, दिली आणि प्रस्तावनेत सांगितलं की एकच शब्दरचना धरा, दर वर्षी बदलू नका. तुमच्या पाळकांनाही असंच काहीतरी हातात धरता येईल असं द्यायला हवं.

आता तुमचे तीन पर्याय पाहू. बिशपसाहेबांना लिहून दुसरा माणूस मागणं हा पाच महिन्यांत उचलायचा मार्गच नव्हे. पैशांत गडबड, स्त्रियांशी किंवा मुलांशी गैरवर्तन, दारू, उपासना आणि प्रभुभोजनाची हेळसांड, यांपैकी काही दिसलं तर एक दिवसही न थांबता लिहा. कागदावरून वाचणं या यादीत बसत नाही. पहिल्या नेमणुकीतून बदलीचा शिक्का घेऊन गेलेल्या पाळकाकडे पुढची मंडळी आधीच संशयाने पाहते, याचाही विचार करा.

वर्षभर सोडून देणं वरकरणी उदार वाटतं, पण वेळ त्यासाठी वाईट आहे. डिसेंबर तोंडावर आहे आणि नव्या पाळकाचं पहिलं मोठं ओझं हेच असतं.

जुन्या पाळकसाहेबांना मार्गदर्शक करण्याचा विचार मोह पाडणारा आहे, आणि तिघांत तोच सर्वांत घातक आहे. त्यांच्याबद्दल अनादर नाही. पण मंडळीतल्या प्रत्येक सवयीवर त्यांचाच हात आहे आणि प्रत्येक घर त्यांना सगळं सांगतं. नव्या माणसाने त्यांच्यापाशी "या घराशी कसं वागावं कळत नाही" म्हटलं, तर ते म्हणणं त्या घरापर्यंत पोचणार नाही याची त्याला खात्री कशी वाटावी? शिवाय तुलना रोजची होईल.

मार्गदर्शक हवाच, पण बाहेरचा. जो पाळकांचं मूल्यमापन करतो, पगारावर सही करतो किंवा बदली ठरवतो, तो मार्गदर्शक होऊ शकत नाही. म्हणजे बिशप नको, कमिटी नको, तुम्हीही नको. तुमच्या चर्चच्या छिंदवाड्याच्या मुख्यालयाला लिहून दुसऱ्या गावातल्या, पंधरा-वीस वर्षं सेवा केलेल्या एका पाळकाचं नाव मागा, पाळकांना ते मान्य आहे का हे आधी विचारा आणि मगच पक्कं करा. महिन्यातून एकदा तासभर फोन, तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट. प्रवासखर्च मंडळीने द्यायचा आणि त्या दिवशी त्यांना दुसरं काम सांगायचं नाही. फोनवर काय बोलणं झालं ते कमिटीने कधीही विचारायचं नाही, ही अट लेखी ठेवा.

इंदूरमध्ये या गोष्टीला जास्तच महत्त्व आहे. इथल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या बहुतेक कॅनेडियन मिशनच्या, १९७०पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलेल्या. स्वीडिश मिशनमधून उभं राहिलेलं तुमचं लूथरन चर्च नर्मदेच्या खोऱ्यात आणि सातपुड्याच्या अंगाला वाढलं. त्यामुळे तुमच्या पाळकांना आपल्या परंपरेतला सहकारी चार रस्ते ओलांडून भेटत नाही. इतर चर्चच्या पाळकांशी ओळखी करून द्या, त्या उपयोगी पडतातच. पण पाळकालाही पापांगीकार, म्हणजे आपल्या चुकांची कबुली, कोणापुढे तरी करावा लागतो. ऑग्सबर्गचा अंगीकार (१५३०) हा लूथरन चर्चचा मूळ विश्वासलेख, त्याच्या ११व्या कलमात खासगी पापमुक्तीची रीत मंडळीत टिकवावी असं म्हटलं आहे. ती फक्त सभासदांसाठी आहे असं समजण्याचं कारण नाही.

आता जुन्या पाळकसाहेबांकडे जाणारे फोन. हे मिटवायचं काम नव्या पाळकांवर टाकू नका. त्यांनी तोंड उघडलं तर तो मत्सर ठरेल. कमिटीचे दोन ज्येष्ठ जुन्या पाळकसाहेबांच्या घरी जाऊ देत आणि एकच विनंती करू देत: कोणाचाही फोन आला तर उत्तर असं द्या की, "आधी तुमच्या पाळकांना सांगा, त्यांनी बोलावलं तर नक्की येतो." हेच कमिटी उपासनेत जाहीर करेल. मग वर्षातून एक-दोनदा, उदाहरणार्थ मंडळीच्या वर्धापनदिनी, नव्या पाळकांनीच त्यांना सन्मानाने उपदेशाला बोलवावं. बहुतेक निवृत्त पाळकांना ही घडी स्वतःलाही सोयीची वाटते, कारण नाही म्हणायला त्यांनाही आधार मिळतो.

उपदेशाचं बघू. कागदावरून वाचणारा नवा पाळक बहुधा तयारी करणारा असतो. पंधरा-वीस मिनिटांचा उपदेश नवख्याने नीट बांधायचा म्हणजे आठ-दहा तास सहज जातात, आणि ते तास सलग मिळाले तरच उपदेश होतो. त्यांचा आठवडा त्यांच्यासोबत बसून कागदावर मांडा: सोमवार सुट्टी, मंगळवारी पुढच्या रविवारचे शास्त्रपाठ (बायबलमधले उतारे) वाचून ठेवायचे, बुधवार ते शुक्रवार सकाळी दहा ते एक दार बंद. त्या वेळात फोन तुमच्याकडे वळवा. पाळक कागदावरून वाचत असतील तर कागद काढून घेऊ नका. अक्षर मोठं ठेवायला, वाक्य छोटं करायला, एका पानावर एकच मुद्दा घ्यायला सुचवा, आणि पहिली चार व शेवटची चार वाक्यं पाठ करू द्या. मान वर होण्याची सुरुवात तिथून होते.

प्रतिक्रिया द्यायची ती एकाच माणसाने, बुधवारी, आणि तीनच प्रश्नांची: काय ऐकू आलं, कुठे धागा सुटला, कशाबद्दल अजून ऐकायला आवडेल. तो माणूस पाळकांनी निवडायचा. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपदेशावर चर्चा होणार नाही, हे अध्यक्षांनी स्वतः लिहावं.

मराठी उपासनेसाठी सगळी जबाबदारी त्यांच्यावर कशाला? शास्त्रपाठ आणि प्रार्थना मंडळीतल्या मराठी माणसांनी वाचाव्यात. पाळकांनी फक्त तीन गोष्टी तोंडपाठ कराव्यात: प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि बायबलमधल्या गणना ६:२४–२६ मधला आशीर्वाद. उपदेश हिंदीतच चालू द्या. हे जमलं की पुढच्या सहा महिन्यांत प्रभुभोजनाचा विधी मराठीत घेता येईल. सुदामा नगरातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आठवड्यातून एकदा अर्धा तास वाचून घेतलं तर पुरे, मात्र शिकवणी मंडळीत जाहीर करायची नाही.

पाळकबाईंबद्दल मी ठाम आहे. नेमणूक एका माणसाची झाली आहे, पगारही एकालाच मिळतो. महिला मंडळ, संडे स्कूल, गायकवृंद यांतलं काहीही त्यांच्यावर पहिल्या वर्षात टाकू नका आणि "येत नाहीत" ही तक्रार पाळकांपर्यंत पोचूच देऊ नका. त्या आपणहून आल्या तर आनंदच आहे. आल्या नाहीत तर सभासद म्हणून त्यांना जे मिळायला हवं ते मिळतंय का, एवढंच बघा. त्यांना त्यांच्या शाळेबद्दल कोणी विचारतं का?

घरभेटी अजून पूर्ण झाल्या नसतील असं दिसतं. आठवड्याला पाच घरं धरली तर ६५ घरांना तेरा आठवडे लागतात. चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको. कमिटीच्या माणसाने घर दाखवावं, ओळख करून द्यावी आणि दारातूनच परत फिरावं, कारण कमिटीच्या माणसासमोर कोणी मनातलं बोलत नाही. मात्र एकट्या बाई घरी असतील तिथे पाळकांसोबत कोणीतरी थांबावंच. आणि इंदूरचा पाहुणचार माहीत आहे ना? पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी कचोरी, तिसऱ्या घरी शेव आणि गोड, आणि प्रत्येक घरी "आमच्याकडे काहीच घेतलं नाही" हा रुसवा. म्हणून आधीच्या रविवारी तुम्हीच सांगा, पाळक फक्त पाणी आणि चहा घेतील. घरभेटीतली नावं आणि आजारपणं लिहायला पाळकांना एक साधी वही द्या. ती पुढे कमिटीने मागायची नाही.

पैशाचं आणि घराचं झटपट सांगते. पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला थेट खात्यात गेला पाहिजे. खजिनदारांकडे विचारायला जावं लागलं की तिथेच मान खाली जाते. पेट्रोल, फोन आणि पुस्तकं यांचे पैसे वेगळे द्या, पगारात मिसळू नका. आरोग्यविमा आजच काढा, कारण आधीच्या आजारांना आणि बाळंतपणाला वेटिंग पीरियड असतो. पाळकांच्या घरात पाण्याची टाकी केवढी आहे ते बघा. नर्मदेचं पाणी तुमच्या भागात एक दिवसाआड येत असेल तर छोट्या टाकीत लहान कुटुंबाचीही ओढाताण होते. अर्पणाची मोजणी दोन माणसांनी करायची, पाळकांनी रोकड हाताळायचीच नाही. हा त्यांच्यावरचा अविश्वास नव्हे, उलट त्यांचं संरक्षण आहे, आणि हे त्यांना याच शब्दांत सांगा. दारी मदत मागायला येणाऱ्यांसाठी महिन्याची एक छोटी रक्कम आणि एक नोंदवही ठरवा, नाहीतर तो पैसा त्यांच्या खिशातून जातो.

कायद्याच्या दोन जागी नवा पाळक हमखास अडकतो. पहिली जागा लग्नाची. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हावा असं आहे. अपवाद आहेत, पण ते खास परवानगीचे. आपल्याकडे मॅरेज गार्डन संध्याकाळचं बुक होतं, वरात आठला पोचते आणि वेदीसमोर उभा असलेला तरुण पाळक एकतर उद्धट ठरतो किंवा नियम मोडतो. विवाहाच्या अर्जावरच वेळेचं कलम छापा आणि बुकिंगच्या आधी कुटुंबाची सही घ्या. पाळकांना विवाह लावण्याचा अधिकार कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली आहे आणि परवाना लागतो का, हे बिशप ऑफिसकडून लेखी मागवा. त्याशिवाय पहिलं लग्न ठेवू नका. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांची चारही रजिस्टरं जुन्या पाळकसाहेबांकडून रीतसर चार्जमध्ये आली का, शेवटची नोंद कोणत्या क्रमांकाची, हेही तपासून दोघांच्या सह्या घ्या.

दुसरी जागा प्रौढ बाप्तिस्म्याची. मध्य प्रदेशच्या २०२१च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात दुसऱ्या धर्मातून येणाऱ्या व्यक्तीने आणि विधी करणाऱ्यानेही जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याची तरतूद आहे, आणि तिच्यावर न्यायालयात वाद झाले आहेत. कोणी अशी इच्छा घेऊन आलं तर पाळकांनी एकट्याने होकार किंवा नकार काहीच देऊ नये. बिशप ऑफिस आणि वकील यांच्याशी बोलूनच पुढे जावं, आणि तसं कमिटीने ठराव करून ठेवावा म्हणजे दडपण एकट्यावर येणार नाही.

मयताचं सेमिनरीत शिकवलेलं असतं ते विधीपुरतं. एम.वाय. हॉस्पिटलच्या शवागारापाशी रात्री दोन वाजता कोणाशी बोलायचं, कब्र खणणाऱ्याचा फोन कुठला, शववाहिका कशी मागवायची, हे कोणी शिकवत नाही. एका कागदावर हे नंबर लिहून त्यांच्या घरी भिंतीवर लावा, आणि पहिल्या तीन मयतांना कमिटीचा एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असू द्या. सोमवारी फोन उचलायचा तो तुम्ही. मृत्यू, अपघात, हॉस्पिटलमध्ये भरती एवढंच त्यांना कळवायचं, बाकी मंगळवारी.

आता डिसेंबर. कॅरोल राउंड, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी जाणं, बहुतेक मंडळ्यांत आठ-दहा रात्री चालतो, थंडीत, बारा-एकपर्यंत, आणि पाळक प्रत्येक घरी प्रार्थना करतो. मग २४ची रात्र येते तेव्हा आवाज गेलेला असतो आणि उपदेश लिहायला वेळच मिळालेला नसतो. त्यांना एक रात्र सोडून एक पाठवा आणि दहा वाजता घरी सोडा, उरलेल्या घरी प्रार्थना ज्येष्ठांनी करावी. २४, २५, ३१ आणि १ जानेवारी अशा नऊ दिवसांत चार उपासना आहेत, मधला रविवार वेगळा. त्यातली ३१ची साक्षींची, म्हणजे सभासदांनी आपले अनुभव सांगण्याची, ठेवा, म्हणजे एक उपदेश कमी होतो. पुढे उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. सातही त्यांच्याकडून घेऊ नका. दोन त्यांना द्या, बाकी पाच मंडळीतली माणसं आणि शेजारच्या चर्चचे पाळक घेतील. हे वाटप फेब्रुवारीतच व्हावं.

पहिल्या वर्षात उपासनेच्या क्रमात मोठा बदल करू नये, हे मात्र पाळकांनाही सांगावं लागेल. त्यांच्या डोक्यात नव्या कल्पना असणार, आणि काही चांगल्याही असतील. एक निवडू द्या, पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) तीन महिने करून बघू असं ठरवा. त्यांना सगळंच नाकारलं तर ते मन काढून घेतील, आणि सगळंच एकदम केलं तर निम्मी मंडळी मन काढून घेईल.

जानेवारीत सहा महिन्यांची बैठक घ्या. तिथे आधी कमिटीने सांगायचं: आपण कबूल केलेल्यांपैकी काय दिलं, काय राहिलं. मग पाळकांनी सांगायचं काय जड जातंय. त्यांच्या कामाबद्दल शेवटी बोलायचं, आणि तेही दोनच गोष्टी. बैठकीचं टिपण दोघांकडे सारखं, बिशप ऑफिसला गुपचूप वेगळी प्रत नको.

हे सगळं एकदम होणार नाही. या आठवड्यात तीन कामं करा: सोमवारच्या सुट्टीची आणि तुमच्या फोन नंबरची सूचना रविवारी वाचून दाखवा, जुन्या पाळकसाहेबांकडे दोन ज्येष्ठांना पाठवा, आणि कॅरोलच्या रात्रींचं वाटप कमिटीत मंजूर करून घ्या. पाळकांकडे एकट्याच जाल तेव्हा "कसं चाललंय" असं विचारू नका, उत्तर तुम्हाला माहीत आहे. यादी समोर ठेवा आणि विचारा, "यातलं आधी काय करू?"